बियासवरून परतलेल्या सिकंदराला पुढे कुठे जायचं होतं?

इ.स.पू. ३२३च्या जून महिन्यात सिकंदर बॅबिलोनमध्ये वारला. वयाची तेहतीस वर्षंही पुरी झाली नव्हती. राज्याचा कारभार हाती आलेल्या पर्डिकस या सेनापतीने मॅसेडोनियाच्या सैनिकांची सभा भरवली आणि राजाच्या कागदांत सापडलेली टिपणं त्यांच्यापुढे मांडली. पुढे काय काय करायचं याची ती यादी होती. फिनिशिया (आजच्या लेबनॉनचा किनारा), सीरिया, सिलिशिया (आजच्या तुर्कस्तानचा दक्षिण किनारा) आणि सायप्रस इथे मिळून एक हजार युद्धनौका बांधायच्या, त्याही नेहमीच्या तीन रांगा वल्ह्यांच्या जहाजांपेक्षा मोठ्या. त्या घेऊन आजच्या ट्युनिशियातल्या कार्थेजवर आणि पश्चिम भूमध्य समुद्राच्या सगळ्या किनाऱ्यावर, लिबियापासून स्पेनपर्यंत आणि तिथून वळून सिसिलीपर्यंत, स्वारी करायची. आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्याने थेट जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीपर्यंत रस्ता काढायचा आणि त्यावर ठिकठिकाणी बंदरं आणि गोद्या उभारायच्या. सहा भव्य मंदिरं बांधायची. आशियातली माणसं युरोपात आणि युरोपातली आशियात नेऊन वसवायची. वडील फिलिप यांच्यासाठी इजिप्तमधल्या सर्वांत मोठ्या पिरॅमिडएवढी समाधी उभारायची. जिवलग मित्र हेफेस्टियनच्या चितेच्या जागचं अवाढव्य काम पुरं करायचं.

सैनिकांनी ते ऐकलं, राजाच्या नावाचा गौरव केला आणि यातलं काहीही करायचं नाही असं ठरवलं.

आपल्याकडे सिकंदराची गोष्ट सहसा बियास नदीच्या काठावर संपते. झेलमवर पोरसशी लढाई झाली, सैन्याने पुढे यायला नकार दिला, तो परत फिरला आणि वाटेत मेला. त्याला शेपूट म्हणून तिरडीबाहेर काढलेल्या रिकाम्या हातांची कथा जोडली जाते. कीर्तनात, प्रवचनात, शाळेच्या परिपाठात ती आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. सिकंदराबद्दल लिहिणाऱ्या एकाही प्राचीन ग्रीक किंवा लॅटिन लेखकाकडे ही कथा सापडत नाही. उलट त्यांनी सांगितलेला शेवटच्या दिवसांतला सिकंदर तापाने फणफणलेला असतानाही आरमार कोणत्या दिवशी निघणार याचे हुकूम देत होता. बियासनंतरची तीन वर्षं आपल्या गोष्टीतून गळली आहेत आणि माझ्या मते तिथेच हा माणूस सर्वांत नीट समजतो.

आधी हे आपल्याला कळतं कसं, ते पाहू. सिकंदराबरोबर फिरलेल्या लोकांनी लिहिलेले मूळ ग्रंथ जवळजवळ सगळे हरवले. आपल्यापर्यंत पोहोचले ते नंतरचे लेखक. त्यांतला एरियन इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. पण त्याच्यासमोर टॉलेमी, ॲरिस्टोब्युलस आणि आरमारप्रमुख निआर्कस यांचं लेखन होतं आणि हे तिघेही सिकंदराच्या सोबतचे. डायोडोरस इ.स.पू. पहिल्या शतकातला. सिकंदराच्या मृत्यूनंतरच्या घडामोडींसाठी त्याने हायरोनिमसचा आधार घेतला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. हा हायरोनिमस त्या काळच्या राजकारणात स्वतः वावरलेला माणूस. वर दिलेली यादी डायोडोरसकडची आहे. शिवाय बॅबिलोनचे ज्योतिषी रोजच्या आकाशाच्या नोंदी मातीच्या विटांवर करत असत. त्यांतली एक वीट आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ‘राजा मरण पावला’ एवढीच नोंद त्यांनी त्या दिवशी केली, आणि ती तारीख ११ जूनशी जुळते.

या सगळ्यातून सिकंदराच्या योजना चाळायच्या, तर एक साधी कसोटी उपयोगी पडते. कोणत्या योजनेसाठी प्रत्यक्षात लाकूड तोडलं गेलं होतं, पैसा निघाला होता, माणसं रवाना झाली होती? कोणती फक्त कागदावर होती? आणि कोणती नुसती लोकांच्या तोंडी होती?

या कसोटीवर अरबस्तानाची मोहीम निर्विवाद खरी ठरते.

तिची मुळं बियासवरून परतण्यात आहेत. इ.स.पू. ३२६मध्ये सैन्य बियासला अडलं त्याची कारणं ठाऊक आहेत: आठ वर्षांची पायपीट, पावसाळा, आणि पलीकडे गंगेच्या खोऱ्यात नंदांचं प्रचंड सैन्य असल्याच्या बातम्या. प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराने दिलेला आकडा २ लाख पायदळ, ८० हजार घोडदळ, ८ हजार रथ आणि ६ हजार हत्ती असा आहे, तर डायोडोरसकडे पायदळ तेवढंच असलं तरी बाकीचे आकडे बरेच कमी आहेत. खरं बळ किती होतं ते बाजूला ठेवू. सैनिकांच्या कानावर अशाच बातम्या येत होत्या. सिकंदर तीन दिवस तंबूत रुसून बसला आणि अखेर नदीकाठी बारा प्रचंड वेद्या उभारून मागे फिरला. पण आलेल्या वाटेने तो घरी गेला नाही. झेलमवर त्याने नौका बांधल्या आणि सिंधूच्या मुखापर्यंत तो पाण्याने उतरला. तिथून निआर्कसला आरमार देऊन इराणच्या आखाताकडे पाठवलं आणि स्वतः सैन्य घेऊन मकरानच्या किनाऱ्याने पश्चिमेकडे निघाला.

या दुहेरी प्रवासाची रचना लक्षात ठेवावी, कारण पुढच्या सगळ्या योजनांची ती किल्ली आहे. वल्ह्यांच्या जहाजात माणसं खच्चून भरलेली असतात आणि पाणी-धान्य ठेवायला जागा नसते. असं जहाज दर एक-दोन दिवसांनी किनाऱ्याला लागलंच पाहिजे. म्हणून सैन्याने किनाऱ्याने चालायचं, आरमारासाठी विहिरी खणायच्या, धान्याचे साठे ठेवायचे, असा बेत होता. मकरानमध्ये तो फसला. डोंगर आडवे आल्याने सैन्याला किनारा सोडून आत वळावं लागलं आणि वाळवंटात तहानेने, भुकेने अतोनात माणसं मेली. सैन्याबरोबर चाललेल्या बायका-मुलांचे हाल तर विचारू नयेत. आरमार हाल सोसत का होईना, पार पडलं. हा सिकंदराच्या आयुष्यातला सर्वांत मोठा जीवितहानीचा प्रसंग असावा आणि तो कोणत्याही शत्रूने घडवलेला नव्हता.

या वाटेवर निआर्कसच्या लोकांना समोर अरबस्तानाचं टोक दिसलं, आज ज्याला मुसंदम म्हणतात ते. तिथून दालचिनी आणि इतर सुगंधी माल उत्तरेकडे जातो, असं जाणकारांनी सांगितलं. ओनेसिक्रिटस या अधिकाऱ्याला तिथे उतरून पाहायचं होतं. निआर्कसने ठाम नकार दिला: आपलं काम हा किनारा तपासून आरमार राजापर्यंत सुखरूप नेण्याचं आहे. पण दिसलेलं टोक सिकंदराच्या डोक्यात बसलं.

अरबस्तान म्हणजे त्या जगासाठी लोबान आणि हिराबोळ. देवळात जाळायला, औषधांत, प्रेतसंस्काराला हे सुगंधी डिंक लागत आणि त्यांना मोठा भाव येई. दालचिनीही तिथेच पिकते अशी ग्रीकांची समजूत होती. सिकंदराला हा माल लहानपणापासून माहीत होता. प्लुटार्क एक गोष्ट सांगतो. मूठमूठ धूप अग्नीत टाकणाऱ्या लहान सिकंदराला त्याचा शिक्षक लिओनिडस रागावला होता: धूप पिकवणारा देश जिंकशील तेव्हा असा उधळ. पुढे गाझा जिंकल्यावर सिकंदराने त्या शिक्षकाला ५०० टॅलंट लोबान आणि १०० टॅलंट हिराबोळ धाडून दिला. एक टॅलंट म्हणजे सुमारे २६ किलो, म्हणजे नुसता लोबानच तेरा टनांच्या घरात गेला. गोष्टीत अतिशयोक्ती असेल, पण त्या मालाची ओढ तिच्यात खरी उतरली आहे.

बॅबिलोनमध्ये तयारी जोरात चालली होती. हजार युद्धनौका मावतील एवढं बंदर नदीकाठी खणलं जात होतं. फिनिशियामध्ये जहाजं बांधून ती सुटी केली गेली, तुकडे जमिनीवरून युफ्रेटिस नदीकाठच्या थॅप्सॅकसपर्यंत आणले, तिथे पुन्हा जोडले आणि जहाजं प्रवाहाने खाली बॅबिलोनला उतरली. एरियन त्यांची मोजदादही देतो: पाच मोठ्या, बारा मध्यम आणि तीस लहान नौका. बॅबिलोनच्या परिसरात जहाजाचं लाकूड नव्हतं, म्हणून राजांच्या बागांतले सुरूचे वृक्ष तोडून आणखी नौका बांधल्या गेल्या. मिकॅलस नावाच्या माणसाला ५०० टॅलंट देऊन किनाऱ्यावरचे खलाशी पैसे देऊन किंवा विकत घेऊन आणायला पाठवलं. विकत घेऊन म्हणजे गुलाम म्हणून, हे वाचताना विसरू नये.

शिवाय किनारा पाहायला तीन जहाजं एकापाठोपाठ एक गेली. आर्कियस टायलॉस बेटापर्यंत, म्हणजे आजच्या बहारीनपर्यंत, जाऊन परतला. अँड्रोस्थेनिस त्याच्या थोडा पुढे गेला. सोलीच्या हायरॉनला सबंध द्वीपकल्पाला वळसा घालून इजिप्तच्या बाजूला निघायचा हुकूम होता. तो सर्वांत लांब गेला, पण परतला आणि म्हणाला की हा देश जवळजवळ भारताएवढा अफाट आहे.

अँड्रोस्थेनिसबद्दल थोडं जास्त सांगावंसं वाटतं. त्याच्या अहवालातल्या नोंदी पुढे थिओफ्रॅस्टस या वनस्पतीशास्त्रज्ञाने उचलल्या. खाऱ्या पाण्यात उभी असलेली खारफुटी, बहारीनवरची कापसाची झाडं, आणि रात्री पानं मिटणारं व सकाळी उघडणारं एक झाड. ते झाड चिंचेचं असावं असं आज मानतात. आपल्या दारातली चिंच रोज संध्याकाळी जे करते, त्याची जगातली सर्वांत जुनी लेखी नोंद एका लष्करी मोहिमेच्या टेहळणी अहवालातून आली आहे. वनस्पतींच्या शरीरातल्या घड्याळावर लिहिणारे शास्त्रज्ञ अजूनही त्याचं नाव घेतात. एका न झालेल्या मोहिमेच्या पदरात एवढं तरी पडलं, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

मोहिमेचं कारण म्हणून असं सांगितलं जाई की सगळ्या देशांतून वकील आले, पण अरबांनी एकही धाडला नाही. दुसरी कथा अशी की अरब दोनच देव मानतात हे कळल्यावर तिसरा देव आपण व्हावं असं सिकंदराला वाटलं. एरियन दोन्ही कारणं नोंदवतो आणि स्वतःचं मत सांगतो: खरं म्हणजे सिकंदराची भूकच कधी भागत नव्हती. पण एरियननेच दिलेली एक माहिती या मोहिमेचा व्यवहारी गाभा दाखवते. इराणच्या आखाताच्या किनाऱ्यावर आणि बेटांवर सिकंदराला वस्ती करायची होती आणि तो भाग फिनिशियाइतका संपन्न होईल असं त्याला वाटत होतं. सिंधूचं मुख ते युफ्रेटिस हा मार्ग निआर्कसने उघडला होता. युफ्रेटिस ते इजिप्त हा मार्ग अरबस्तानाला वळसा घातला की पुरा झाला असता. म्हणजे त्याच्या राज्याची दोन टोकं समुद्राने जोडली गेली असती.

आणि इथेही तीच दुहेरी चाल दिसते. मेडियस नावाच्या मित्राकडच्या मेजवानीनंतर सिकंदराला ताप भरला. राजाच्या रोजनिशीच्या आधारे एरियन सांगतो की त्या आजारात त्याने अधिकाऱ्यांना हुकूम दिले: पायी जाणाऱ्यांनी चौथ्या दिवशी निघायचं, माझ्याबरोबर समुद्राने येणाऱ्यांनी पाचव्या दिवशी. जमीन आणि पाणी पुन्हा एकत्र. ताप वाढत गेला, निघायचा दिवस पुढे गेला. पलंगावर पडून तो निआर्कसशी सफरीबद्दल बोलत राहिला. मग वाचा गेली. सैनिक एकेक करून त्याच्यापुढून गेले आणि त्याने मान कशीबशी उचलून, डोळ्यांनी खूण करून त्यांचा निरोप घेतला.

कॅस्पियन समुद्राची योजना थोडक्यात आटपते. हेराक्लायडिस नावाच्या माणसाला कॅस्पियनच्या दक्षिणेकडच्या हिर्केनियाच्या जंगलात लाकूड तोडून जहाजं बांधायला पाठवलं होतं. कॅस्पियन समुद्र काळ्या समुद्राला मिळतो की बाहेरच्या महासागराला, हे शोधायचं होतं. तो कुठेच मिळत नाही, हे ठरवायची संधी हुकली.

आता पश्चिम. ही योजना कागदावरची, आणि वाद इथेच आहे. कार्थेजवर सिकंदराचा डोळा असण्याला कारण होतं. कार्थेज ही फिनिशियातल्या टायरमधून गेलेल्या लोकांनी वसवलेली नगरी. इ.स.पू. ३३२मध्ये टायरचा वेढा सात महिने चालला आणि शहर पडलं, तेव्हा कार्थेजचे वकील आत सापडले. ते देवदर्शनाला आले होते म्हणून त्यांना सोडून दिलं. कर्टियस हा रोमन लेखक म्हणतो की तेव्हाच कार्थेजविरुद्ध युद्ध पुकारलं गेलं होतं, फक्त पुढे ढकललं. फिनिशियाची जहाजं आणि खलाशी हाती आल्यावर कार्थेज हे त्यांच्याच धंद्यातलं दुसरं मोठं ठाणं उरलं होतं.

हजार जहाजं हा आकडा ऐकूनच काहींना ही यादी बनावट वाटते. डब्ल्यू. डब्ल्यू. टार्न या ब्रिटिश इतिहासकाराने ती बहुतेक सगळी नंतरची रचना ठरवली होती. मला मात्र या यादीतला जिब्राल्टरपर्यंतचा रस्ता आणि त्यावरची बंदरं हा तपशील फार बोलका वाटतो. नुसती बढाई मारायची असती तर जहाजांचा आकडा पुरला असता. चार हजार किलोमीटरहून लांब किनाऱ्यावर रस्ता, बंदर, गोदी यांची आठवण कुणाला होते? मकरानमध्ये ज्याचं सैन्य पाण्यावाचून मेलं, त्याला. तिथे रस्ता नव्हता, साठे नव्हते, जहाज आणि सैन्य यांची गाठ पडेल अशी जागा नव्हती. पश्चिमेच्या योजनेत नेमक्या याच गोष्टी आधी मांडलेल्या आहेत.

हे किती गरजेचं होतं त्याचा पुरावा पंधरा वर्षांत मिळाला. ओफेलस हा सिकंदराचा जुना अधिकारी, झेलमवरच्या आरमारात त्याने एक जहाज सांभाळलं होतं. पुढे तो आजच्या लिबियातल्या सायरीनीचा कारभारी झाला. सिसिलीचा सत्ताधीश अगॅथोक्लिस कार्थेजशी लढत होता. त्याने ओफेलसला बोलावलं: आफ्रिका तू घे, सिसिली मला राहू दे. इ.स.पू. ३०८च्या सुमारास ओफेलस दहा हजारांहून जास्त पायदळ घेऊन किनाऱ्याने निघाला. बरोबर साधारण तेवढीच इतर माणसं होती. नव्या मुलखात जमिनी मिळतील या आशेने अनेकांनी बायका-मुलं सोबत घेतली होती. पाणी नाही, धान्य संपलेलं, वाळूच्या रंगाचे विषारी साप पायाखाली. दोन महिन्यांहून जास्त चालून ते पोहोचले, आणि काही दिवसांतच अगॅथोक्लिसने ओफेलसला दगा देऊन मारलं. त्याचं सैन्य स्वतःकडे वळवलं आणि लढायला निरुपयोगी माणसं जहाजांत भरून सिरॅक्यूजकडे धाडली. त्यांतली बरीच जहाजं वादळात बुडाली. जो रस्ता सभेत रद्द झाला होता त्याच रेषेवर ही माणसं चालली होती.

रोमचं काय, हा प्रश्न वाचक नेहमी विचारतात. रोमवर स्वारीचा बेत यादीत नाही. सिसिली आणि इटलीच्या टोकाकडे जायचं त्याच्या मनात होतं, रोमचं वाढतं नाव त्याला खुपत होतं, अशा गोष्टी एरियन ‘काही जण म्हणतात’ या सदरात टाकतो. हे झालं लोकांच्या तोंडचं. रोमन इतिहासकार लिव्हीने मात्र यावर लांबलचक विवेचन करून सिकंदर आला असता तर रोमने त्याला हरवलंच असतं असा निर्वाळा दिला. इ.स.पू. ३२३चं रोम इटलीतल्याच सॅम्नाइट टोळ्यांशी झगडत होतं आणि दोन वर्षांनी कॉडियमच्या खिंडीत त्याचं सबंध सैन्य शरण गेलं, हे लक्षात घेतलं तर लिव्हीचा आत्मविश्वास पटत नाही. पण दुसरी बाजूही आहे. इ.स.पू. २८०मध्ये सिकंदराचाच नातलग पिऱ्हस हत्ती घेऊन इटलीत उतरला, दोन मोठ्या लढाया जिंकला आणि तरी पाच वर्षांत हात हलवत परतला. रोम दरवेळी नवं सैन्य उभं करत राहिलं.

यादीतल्या बांधकामांकडे आता पैशाच्या बाजूने पाहू. सहा मंदिरं, प्रत्येकी १५०० टॅलंट. एकूण ९००० टॅलंट, म्हणजे २३० टनांहून जास्त चांदी. हेफेस्टियनच्या चितेवर १२,००० टॅलंट खर्च झाल्याचं डायोडोरस सांगतो. जस्टिन या रोमन लेखकाच्या म्हणण्यानुसार सिकंदर मेला तेव्हा खजिन्यात ५०,००० टॅलंट होते आणि वर्षाचा वसूल ३०,०००. म्हणजे नुसती देवळं आणि एका मित्राचं स्मारक यांतच दोन-तृतीयांश वर्षाचा महसूल जाणार. हजार जहाजं, त्यांवरचे लाखाहून जास्त खलाशी, रस्ता आणि मूळ उंची १४६ मीटर असलेल्या पिरॅमिडशी बरोबरी करणारी समाधी हे सगळं त्यापुढे.

माणसांच्या अदलाबदलीची योजना मला यादीत सर्वांत खरी वाटते आणि सर्वांत निर्दयही. लग्नसंबंधांतून दोन्ही खंडांत सलोखा व्हावा असा हेतू दिला आहे. त्याचा नमुना सिकंदराने आधीच करून दाखवला होता. इ.स.पू. ३२४मध्ये सुसा इथे त्याने आपल्या सुमारे ८० अधिकाऱ्यांची इराणी सरदारकन्यांशी एकाच सोहळ्यात लग्नं लावली आणि स्वतःही दोन राजकन्या वरल्या. पण घर सोडून परक्या मुलखात बसवलेल्या माणसांना हा सलोखा कसा वाटत होता, तेही कळतं. राजा गेल्याची बातमी येताच बॅक्ट्रियात, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानाच्या भागात, वसवलेले २३,००० ग्रीक सैनिक घराच्या ओढीने उठले आणि पश्चिमेकडे निघाले. त्यांना अडवायला पाठवलेल्या मॅसेडोनियन सैन्याने अभय देऊन नंतर त्यांना कापून काढलं, असं डायोडोरस सांगतो.

मग पर्डिकसने ही यादी सभेत का नेली? त्याला ती स्वतःच्या अधिकारात बाजूला ठेवता आली असती. डायोडोरस म्हणतो की राजाचं नाव आपण परस्पर कमी केलं असं दिसू नये, म्हणून. अर्न्स्ट बेडियन या इतिहासकाराने याच्या मागचं राजकारण उलगडलं आणि ते मला पटतं. क्रेटरस हा सैनिकांचा सर्वांत लाडका सेनापती तेव्हा दहा हजार निवृत्त सैनिक घेऊन घरी निघाला होता आणि सिलिशियात थांबला होता. त्याच्याजवळ सिकंदराचे लेखी हुकूम होते. जहाजंही सिलिशियातच बांधायची होती. उद्या त्याने ‘राजाची इच्छा’ म्हणून पैसा, माणसं, लाकूड मागितलं तर नाही कोण म्हणणार? सैनिकांच्या सभेनेच एकदा सगळं रद्द केलं की हे दार बंद. रद्द व्हावं यासाठी मांडायचं, तर सर्वांत अवाढव्य कामं पुढे ठेवावीत, आणि डायोडोरसच्या यादीत तशीच कामं आहेत. बियासला नाही म्हणालेले, टायग्रिस नदीकाठच्या ओपिसला बंड केलेले सैनिक पुन्हा नाही म्हणतील याची पर्डिकसला खात्री असणार. तीन वर्षांच्या आत तो स्वतः इजिप्तवर चालून गेला, नाईल ओलांडताना दोन हजारांहून जास्त माणसं गेली आणि त्याच्याच अधिकाऱ्यांनी त्याला मारलं.

यादीत एक नाव नाही ते आपल्याला जाणवायला हवं: भारत. गंगेकडे पुन्हा जायचा बेत तिथे दिसत नाही. पंजाबातली त्याची घडी तो जिवंत असतानाच विस्कटू लागली होती. तिथला त्याचा क्षत्रप फिलिप मारला गेला आणि कारभार तक्षशिलेचा राजा आंभी आणि युडेमस हा अधिकारी यांच्याकडे सोपवावा लागला. इ.स.पू. ३०५च्या सुमारास सिकंदराचा जुना सेनापती सेल्युकस सिंधूपर्यंत परत आला, पण समोर चंद्रगुप्त मौर्य होता. सेल्युकसने मुलूख सोडला आणि ५०० हत्ती घेतले. ते हत्ती इ.स.पू. ३०१मध्ये इप्ससच्या लढाईत सिकंदराच्या जुन्या सेनापतींच्या आपसातल्या युद्धाचा निकाल लावून गेले.

अरबस्तानाच्या वळशाचं मात्र पुढे वेगळंच झालं. तो देश जिंकायचा प्रयत्न रोमच्या ऑगस्टसनेही केला. इ.स.पू. २६ ते २४ या काळात एलियस गॅलसचं सैन्य येमेनच्या दिशेने गेलं आणि आजार व तहान यांनी खिळखिळं होऊन परतलं. पण तोपर्यंत इजिप्तमधल्या ग्रीक खलाशांना मोसमी वाऱ्यांचं गणित कळू लागलं होतं. अरब आणि भारतीय खलाशी ते आधीपासून जाणत होते. शिडाच्या व्यापारी जहाजाला रोज किनाऱ्याला लागायची गरज नाही, त्यात माणसं कमी आणि पाण्याची पिंपं जास्त. निआर्कसला सिंधूच्या मुखाशी ज्या नैर्ऋत्य वाऱ्याने अडकवून ठेवलं होतं, तोच वारा पाठीशी घेऊन ही जहाजं एडनच्या बाजूने थेट अरबी समुद्र ओलांडू लागली. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या मार्गदर्शिकेत त्या वाटेवरची बंदरं दिली आहेत आणि त्यांत सोपारा, कल्याण, चौल आहेत. पैठण आणि तेरचा माल गाड्यांतून भडोचला कसा येई तेही आहे. कल्याणला गेलेल्या ग्रीक जहाजांना त्या काळच्या सत्तासंघर्षामुळे पहाऱ्यात भडोचला पाठवलं जाई, अशी तक्रारही त्याने नोंदवली आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवरच्या उत्खननात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची छोटी कांस्यमूर्ती मिळाली, ती याच व्यापाराच्या काळातली. ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे.